मैदानातील निम्मा वाटा : चेन्नईतील सामुदायिक खेळ आणि मुलींचा आत्मविश्वास

सप्टेंबर २०२३ मध्ये चेन्नई येथे एक वेगळीच विश्वचषक क्रिकेट स्पर्धा पार पडली. पुरुषांच्या एकदिवसीय विश्वचषकाला काही दिवसांतच भारतात प्रारंभ व्हायचा होता आणि वृत्तपत्रांची पाने त्याच चर्चेने भरलेली होती. त्यामुळे रस्त्यावर वाढलेल्या मुलामुलींच्या या स्पर्धेची दखल तुलनेने कमीच घेतली गेली. विकासाच्या अभ्यासकाला मात्र तिच्यातील एक नियम विशेष महत्त्वाचा वाटावा. येथे मुलांचा संघ वेगळा आणि मुलींचा वेगळा नव्हता. प्रत्येक संघात दोघेही होते आणि मुलींशिवाय संघ उभाच राहू शकत नव्हता.

मुलींच्या सबलीकरणासाठी खेळ उपयुक्त असतात, हे विधान आता शासकीय अहवालांपासून शालेय निबंधांपर्यंत सर्वत्र आढळते. परंतु कोणत्या प्रकारचा खेळ, कोणत्या नियमांखाली, कोणत्या मैदानावर आणि किती काळ, हे प्रश्न विचारल्याशिवाय या विधानाला आशय प्राप्त होत नाही. ‘मैदान सर्वांसाठी खुले आहे’ अशी पाटी लावल्याने मुली मैदानावर येत नाहीत. आल्या तरी टिकत नाहीत. आत्मविश्वास ही वाटप करण्याजोगी वस्तू नाही. विशिष्ट व्यवस्थेतून तो निर्माण होतो. ती व्यवस्था कशी असावी लागते, याची चर्चा चेन्नईच्या अनुभवाच्या आधारे करता येते.

चेन्नईचा अनुभव

तमिळनाडूच्या राजधानीत पदपथावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आहेत. हमाली, हातगाडी, फुलविक्री, घरकाम अशा कामांसाठी बाजारपेठेच्या जवळ राहणे त्यांना भाग असते. अशा कुटुंबांतील मुलीला दार लावता येईल असे घर नसते. वयात येताच तिच्या हालचालींवर बंधने वाढतात आणि शाळा सुटणे, कामाला लागणे किंवा लवकर विवाह होणे हे पुढचे टप्पे ठरतात. उत्तर चेन्नईत १९९५ पासून कार्यरत असलेली ‘करुणालया’ ही संस्था अशा मुलांसाठी निवारा, शिक्षण आणि संरक्षणाचे काम करते. खेळ हा तिच्या कामाचा एक भाग आहे. २०१८ मध्ये मॉस्को येथे झालेल्या रस्त्यावरील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकात चेन्नईच्या मुलींच्या संघाने भारताचे प्रतिनिधित्व केले.

पुढच्याच वर्षी, मे २०१९ मध्ये, लंडन येथे रस्त्यावरील मुलांचा पहिला क्रिकेट विश्वचषक झाला. त्यात ‘दक्षिण भारत’ या नावाने उतरलेल्या मिश्र संघात चेन्नईच्या ‘करुणालया’ची आणि मुंबईच्या ‘मॅजिक बस’ या संस्थेची मुले-मुली होती. या संघाने अंतिम सामन्यात इंग्लंडचा पराभव केला. हा सामना लॉर्ड्‌सवर झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. या मैदानाची मालकी असलेल्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने दोनशेहून अधिक वर्षांच्या इतिहासानंतर, १९९८ मधील मतदानाने, स्त्रियांना सदस्यत्व देण्याचा निर्णय घेतला होता. त्यानंतर जेमतेम दोन दशकांनी चेन्नईच्या पदपथांवर वाढलेल्या मुली तेथे मुलांच्या बरोबरीने खेळल्या.

या प्रवासातील पहिला अडथळा खेळाच्या कौशल्याचा नसतो. परदेशी जायचे तर पारपत्र हवे, पारपत्रासाठी जन्माचा दाखला आणि पत्ता हवा. आणि पदपथावर जन्मलेल्या मुलाकडे अनेकदा दोन्ही नसतात. म्हणूनच या स्पर्धांचे आयोजक खेळाच्या जोडीला कायदेशीर ओळख, संरक्षण आणि शिक्षण या हक्कांचा आग्रह धरतात. जन्म आणि मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्माचा दाखला हा प्रमुख दस्तऐवज ठरला आहे. ही दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्यामुळे ज्यांच्याकडे दाखला नाही त्यांची नोंदणी करून घेण्याची निकड अधिकच वाढली आहे. संघात निवड झालेल्या मुलीच्या कागदपत्रांची जुळवाजुळव सुरू होते, तेव्हा ती शासनाच्या दफ्तरात प्रथमच दिसू लागते. खेळाचा हा लाभ सहसा हिशेबात धरला जात नाही.

चेन्नईच्याच दक्षिण भागात, बेझंट नगरच्या समुद्रकिनाऱ्यावर, आणखी एक खेळ रुजला आहे. ‘अल्टिमेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळात १७५ ग्रॅम वजनाची प्लॅस्टिकची तबकडी एकमेकांकडे फेकत प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत न्यावयाची असते. मैदानावर प्रत्येक बाजूचे सात खेळाडू असतात. वाळूवरील प्रकारात पाच. मिश्र गटात सातांपैकी चार आणि तीन असे स्त्री-पुरुषांचे प्रमाण ठरलेले असते. खेळाडूंनी एकमेकांना धक्का देणे नियमबाह्य आहे. सर्वांत वेगळी गोष्ट ही की, या खेळात सहसा पंच नसतो. चूक झाली की नाही याचा निर्णय संबंधित खेळाडूंनीच आपसांत बोलून करावयाचा असतो. किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्यांतील, म्हणजे तमिळ भाषेत ज्यांना ‘कुप्पम’ म्हणतात तेथील, मुले-मुली आणि शहरातील नोकरदार तरुण-तरुणी या खेळात एकाच संघातून उतरतात. ‘फ्लाय वाइल्ड’ या अशा संघावरील ‘१७५ ग्रॅम्स’ हा लघुपट २०१५ मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवापर्यंत पोहोचला होता.

आत्मविश्वास कशातून निर्माण होतो?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्व-क्षमतेवरील विश्वासाची संकल्पना मांडली. एखादे काम आपण करू शकू, या विश्वासाचे त्यांनी चार स्रोत सांगितले : स्वतः यश मिळविल्याचा अनुभव, आपल्यासारख्या इतरांना यशस्वी होताना पाहणे, विश्वासातील व्यक्तींचे प्रोत्साहन आणि शारीरिक-भावनिक अवस्थेवरील ताबा. यांपैकी पहिला स्रोत सर्वांत प्रभावी मानला जातो. भाषणे, घोषवाक्ये आणि सत्कार हे तिसऱ्या स्रोतात मोडतात. मैदान मात्र चारही स्रोत एकत्र उपलब्ध करून देते. चेंडू हातातून निसटतो, पुन्हा निसटतो आणि एके दिवशी झेलला जातो. हा पुरावा मुलीला दुसऱ्या कोणी सांगावा लागत नाही.

अर्थशास्त्राने हा प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला आहे. म्युरिएल नीडर्ली आणि लिझ व्हेस्टरलुंड यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्त्री-पुरुषांची आकडेमोडीतील कामगिरी सारखीच असताना स्पर्धेत उतरण्याचा पर्याय पुरुषांनी स्त्रियांच्या दुपटीने निवडला. हा फरक निसर्गदत्त आहे की समाजनिर्मित, या प्रश्नाचे एक उत्तर भारतातून मिळाले. उरी ग्नीझी, केनेथ लिओनार्ड आणि जॉन लिस्ट यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेघालयातील मातृवंशीय खासी समाज आणि टांझानियातील पितृसत्ताक मसाई समाज यांची तुलना केली. काम अगदी साधे होते : तीन मीटर अंतरावरील बादलीत चेंडू टाकावयाचा. प्रत्येक यशस्वी फेकीचा ठरावीक मोबदला घ्यावा की अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी स्पर्धा करून जिंकल्यास तिप्पट मोबदला घ्यावा, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. मसाईंमध्ये स्पर्धेचा पर्याय पुरुषांनी स्त्रियांच्या जवळपास दुपटीने निवडला. खासी समाजात चित्र उलटे होते. तेथे स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक संख्येने स्पर्धेत उतरल्या. स्पर्धेपासून दूर राहण्याची प्रवृत्ती समाजरचनेवर अवलंबून असते, असे हा अभ्यास सुचवितो. ज्या गोष्टीवर समाजरचनेचा प्रभाव पडतो, ती सार्वजनिक धोरणाच्या कक्षेत येते.

अमर्त्य सेन यांनी १९९९ मधील ‘डेव्हलपमेंट अ‍ॅज फ्रीडम’ या ग्रंथात स्त्रियांचे कल्याण आणि स्त्रियांचे कर्तेपण यांत भेद केला आहे. मुलीला पोषण आहार किंवा सायकल देणे हे तिच्या कल्याणाचे साधन होय. संघाची रचना, खेळाची चाल किंवा नियमभंगाचा निर्णय यांत तिचा शब्द चालणे हा कर्तेपणाचा भाग होय. दोन्ही आवश्यक आहेत. परंतु आपल्या बहुतेक योजना पहिल्यावरच थांबतात.

बेसबॉलचा धडा : दार आणि आडवाट

केवळ प्रवेश दिल्याने काय साध्य होते आणि काय राहून जाते, हे अमेरिकेतील बेसबॉलच्या इतिहासावरून समजून घेता येते. १९७२ मध्ये न्यू जर्सी राज्यातील होबोकेन येथे मारिया पेपे ही १२ वर्षांची मुलगी ‘लिटल लीग’ या मुलांच्या बेसबॉल साखळीत तीन सामने खेळली. साखळीच्या मध्यवर्ती संघटनेने स्थानिक शाखेची मान्यता काढून घेण्याचा इशारा दिला आणि तिला बाहेर पडावे लागले. स्त्री-संघटनांच्या तक्रारीवरून न्यू जर्सीच्या नागरी हक्क विभागात सुनावणी झाली. सिल्विया प्रेसलर यांनी १९७३ मध्ये मुलींच्या बाजूने निकाल दिला आणि १९७४ मध्ये ‘लिटल लीग’चे दार मुलींसाठी उघडले. तोपर्यंत स्वतः पेपे वयोमर्यादा ओलांडून गेली होती.

त्याच वर्षी संघटनेने मुलींसाठी सॉफ्टबॉलची स्वतंत्र शाखा सुरू केली. वरकरणी ही मोठीच सोय होती. सॉफ्टबॉलमुळे असंख्य मुली खेळू लागल्या, हेही खरे. परंतु बेसबॉल खेळू इच्छिणाऱ्या मुलीला ‘तुझ्यासाठी तो दुसरा खेळ आहे’ असे सांगण्याची सोयही त्यातून झाली. कायद्याने दार उघडले, तरी प्रथेने आडवाट दाखविली. दार उघडल्यानंतर चाळीस वर्षांनी, २०१४ मध्ये, मोने डेव्हिस ही १३ वर्षांची मुलगी ‘लिटल लीग’च्या जागतिक स्पर्धेत चेंडूफेकीच्या बळावर प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव न देता सामना जिंकणारी पहिली मुलगी ठरली. एवढा काळ लागण्याचे कारण मुलींच्या मनगटात शोधण्यापेक्षा या आडवाटेत शोधणे योग्य ठरेल.

याउलट, तरतूद व्यापक आणि बंधनकारक असेल तर परिणाम वेगाने दिसतात. १९७२ च्या शिक्षणविषयक कायद्यातील ‘टायटल नाइन’ या तरतुदीने शासकीय निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास मनाई केली. त्यापूर्वी अमेरिकी माध्यमिक शाळांत दर २७ मुलींपैकी एक शालेय संघात खेळत असे. १९७८ पर्यंत हे प्रमाण दर ४ मुलींपैकी एक झाले. बेट्सी स्टीव्हन्सन यांच्या २०१० मधील संशोधनानुसार एखाद्या राज्यात मुलींचा क्रीडासहभाग १० टक्के बिंदूंनी वाढल्यास महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे १ टक्का बिंदूने आणि श्रमबळातील स्त्रियांचा सहभाग १ ते २ टक्के बिंदूंनी वाढल्याचे आढळले. भारतात १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबळ सहभाग नियतकालिक श्रमबळ सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर आला आहे. अमेरिकेतील निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तथापि मैदानावरील सहभाग आणि पुढील आर्थिक सहभाग यांचा संबंध दुर्लक्षिण्याजोगा नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

एकाच संघात असण्याचे महत्त्व

मिश्र संघाच्या बाजूने आणखी एक महत्त्वाचा पुरावा उत्तर प्रदेशातून मिळतो. मॅट लो या अर्थतज्ज्ञाने ग्रामीण भागातील बाराशेहून अधिक तरुणांसाठी क्रिकेटच्या साखळी स्पर्धा आयोजित केल्या. काही संघ एकाच जातिगटाचे होते, तर काही मिश्र. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार एकाच संघातून खेळलेल्या भिन्न जातींच्या तरुणांमध्ये मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून झालेल्या संपर्काने मात्र असा लाभ झाला नाही; काही बाबतींत परिणाम उलट दिसला. या प्रयोगात मुली नव्हत्या. परंतु माणसे केवळ समोरासमोर आल्याने पूर्वग्रह कमी होत नाहीत, सामाईक उद्दिष्टासाठी परस्परांवर अवलंबून राहावे लागले तरच ते कमी होतात, हे सूत्र त्यातून पुढे येते.

चेन्नईतील मिश्र संघाचा नियम नेमके हेच साधतो. संघात मुली असणे बंधनकारक असेल, तर त्यांना चांगले शिकविणे हा प्रशिक्षकाचा आणि संघातील मुलांचाही स्वार्थ बनतो. मुलीने झेल सोडला तर नुकसान सर्वांचे होते. म्हणून तिचा सराव हा सर्वांच्या काळजीचा विषय ठरतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, नियम बदलल्याने प्रोत्साहनाची रचना बदलते. मुलांची मनोवृत्ती बदलण्याची वाट न पाहता नियम आधी बदलता येतो. मनोवृत्तीला त्याच्या मागून येण्यास वाव मिळतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. संख्येची अट पूर्ण करण्यापुरती मुलगी मैदानाच्या कडेला उभी केली जाणे आणि चेंडू तिच्याकडे न येणे, हा धोका नेहमीच असतो. पंचायत राज संस्थांतील महिला आरक्षणाच्या प्रारंभीच्या काळात निवडून आलेल्या सरपंचाऐवजी तिचा पतीच कारभार पाहत असल्याची जी उदाहरणे दिसली, त्याच जातीचा हा प्रकार होय. म्हणून नियम केवळ उपस्थितीचा असून भागत नाही. तो कृतीचा असावा लागतो. फलंदाजी, गोलंदाजी, कर्णधारपद आणि निर्णय यांत मुलींचा वाटा निश्चित केला तरच ‘मिश्र’ या शब्दाला अर्थ येतो. पंचाविना खेळला जाणारा ‘अल्टिमेट’ या दृष्टीने उपयुक्त आहे, कारण तेथे मुलीला आपले म्हणणे सर्वांसमोर मांडावेच लागते आणि समोरच्याला ते ऐकून घ्यावे लागते. ‘फुटबॉल थ्री’ या नावाने जगभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीतही मिश्र संघ सामन्याआधी नियमांवर एकमत करतात, पंचाविना खेळतात आणि सामन्यानंतर एकत्र बसून वर्तनाचे गुण ठरवतात. महाराष्ट्रात विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपूर येथे सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’ने फुटबॉलच्या माध्यमातून वस्त्यांमध्ये काम उभे केले; या संस्थेला २०१६ मध्ये ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला.

मुलांचा सहभाग केवळ सोयीचा मुद्दा नाही. दिवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन यांनी हरियाणातील ३१४ शासकीय शाळांमध्ये केलेल्या अभ्यासात, इयत्ता सातवी ते दहावीच्या काळात मुला-मुलींशी लिंगसमभावावर नियमित चर्चा घेतल्यास त्यांचे दृष्टिकोन अधिक समतावादी होतात आणि हा बदल कार्यक्रम संपल्यानंतर दोन वर्षांनीही टिकतो, असे दिसले. सुमारे अडीच वर्षे चाललेल्या कार्यक्रमाचा हा परिणाम होता. आठवडाभराच्या शिबिराकडून तशी अपेक्षा करणे योग्य नव्हे.

मुली मैदानावर का येत नाहीत?

महाराष्ट्रातील जुन्या पिढीला मंगळागौरीचे खेळ, फुगडी, झिम्मा, सागरगोटे परिचित आहेत. मुलींच्या खेळांची परंपरा आपल्याकडे समृद्ध होती; परंतु तिची जागा बव्हंशी माजघर, अंगण आणि सण यांपुरती मर्यादित होती. सार्वजनिक मैदान आणि रोजची संध्याकाळ या दोन गोष्टी मुलांच्या वाट्याला आल्या. आजही मैदान नसणे हे एकच कारण नसून, मुलींसाठी खेळण्याची ‘किंमत’ मुलांपेक्षा जास्त असते.

या किमतीचा पहिला घटक वेळ आहे. २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात. पुरुषांच्या बाबतीत हा आकडा ९७ मिनिटे आहे. आईच्या या भाराचा काही हिस्सा मुलीच उचलते. दुसरा घटक संचारस्वातंत्र्य. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार बाजार, आरोग्य केंद्र आणि गावाबाहेर या तिन्ही ठिकाणी एकट्याने जाण्याची मुभा असलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के आहे. तिसरा घटक विवाहाचे वय. याच सर्वेक्षणानुसार २० ते २४ वयोगटातील २३.३ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झाला होता. तमिळनाडूत हे प्रमाण १२.८ टक्के, तर महाराष्ट्रात २१.९ टक्के आहे. स्वच्छतागृह, कपडे बदलण्यासाठी आडोसा, मासिक पाळीच्या काळातील सोय आणि महिला प्रशिक्षक यांचा अभाव ही किंमत आणखी वाढवितो.

चौथा घटक थेट पैशाचा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नई महानगरपालिकेने आपल्या काही फुटबॉल मैदानांची व्यवस्था खासगी संस्थांकडे देण्याचा आणि खेळणाऱ्यांकडून प्रतिव्यक्ती ताशी १२० रुपये आकारण्याचा ठराव केला. तीव्र विरोधानंतर तो मागे घेण्यात आला. देखभालीचा खर्च कोठून आणावयाचा, हा महापालिकांपुढील प्रश्न खरा आहे. तथापि, रोज दोन तास खेळणाऱ्या मुलासाठी अशा दराने महिन्याला सुमारे ७,००० रुपये लागले असते. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबात खेळावर खर्च करण्यासाठी थोडेफार पैसे उरलेच, तर ते प्रथम मुलावर खर्च होतात. त्यामुळे मैदानाला शुल्क लागताच सर्वांत आधी बाहेर पडते ती मुलगी. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य लाभ म्हणतात, म्हणजे ज्याचा फायदा वापरणाऱ्याबरोबरच समाजालाही होतो, अशा सेवांचा खर्च सार्वजनिक निधीतून करावा या तत्त्वाचे वस्तीतील मैदान हे उत्तम उदाहरण आहे.

घटनात्मक आणि धोरणात्मक चौकट

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘खेळ’ हा विषय राज्यसूचीतील ३३ व्या नोंदीत येतो. स्त्रिया आणि बालके यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याची मुभा अनुच्छेद १५ (३) देतो. खेळण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या कलम ३१ मध्ये मान्य करण्यात आला असून, स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाच्या संहितेचे कलम १० मुलींना क्रीडा आणि शारीरिक शिक्षणात समान संधी देण्यास सांगते. भारताने या संहितांना अनुक्रमे १९९२ आणि १९९३ मध्ये मान्यता दिली. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेसाठी क्रीडांगणाचा समावेश आहे.

केंद्र सरकारच्या ‘खेलो इंडिया’ कार्यक्रमांतर्गत मुली आणि महिलांसाठी ‘अस्मिता’ या नावाने साखळी स्पर्धा घेतल्या जातात. जानेवारी २०२४ मध्ये तमिळनाडूत चेन्नईसह चार शहरांत झालेल्या ‘खेलो इंडिया’ युवा क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राने पदकतक्त्यात पहिला आणि तमिळनाडूने दुसरा क्रमांक मिळविला. केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी मंजूर केलेल्या ‘खेलो भारत नीती २०२५’ ने २००१ च्या राष्ट्रीय क्रीडा धोरणाची जागा घेतली. जागतिक स्तरावरील गुणवत्ता, आर्थिक विकास, सामाजिक विकास, लोकचळवळ म्हणून खेळ आणि शिक्षणाशी एकात्मता हे या धोरणाचे पाच आधारस्तंभ आहेत.

यांतील पहिल्या स्तंभाचे मोजमाप सोपे आहे. पदके मोजता येतात. तिसऱ्या आणि चौथ्या स्तंभाचे मोजमाप कसे करावयाचे, यावर या धोरणाचे यश मोठ्या प्रमाणात अवलंबून राहील. जे मोजले जात नाही त्यावर निधीही खर्च होत नाही, हा सार्वजनिक वित्तव्यवहारातील नेहमीचा अनुभव आहे. सामाजिक विकासाच्या स्तंभासाठी एक साधा निर्देशक पुरेसा बोलका ठरेल : १४ ते १७ वयोगटातील किती मुली घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आठवड्यातून किमान दोनदा खेळतात? हेच वय गळतीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ मधील आकडेवारीच्या विश्लेषणानुसार जगातील ११ ते १७ वयोगटातील सुमारे ८५ टक्के मुली पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत. मुलांमध्ये हे प्रमाण ७८ टक्के आहे.

मर्यादा आणि पुढील दिशा

चेन्नईच्या उदाहरणाचे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादाही लक्षात घ्यावयास हव्यात. जागतिक स्पर्धेला जाणाऱ्या मुली मोजक्या असतात. त्यांच्या यशावरून वस्तीतील सर्व मुलींविषयी निष्कर्ष काढता येत नाही. स्वयंसेवी संस्थांचे कार्यक्रम देणग्यांवर अवलंबून असतात आणि देणगीचा कालावधी संपला की प्रशिक्षकही जातो. खेळातून मिळालेला आत्मविश्वास शिक्षण, रोजगार आणि निवारा यांना पर्याय ठरू शकत नाही. विमानाने परतलेली मुलगी पुन्हा त्याच पदपथावर झोपणार असेल, तर तिच्या वाढलेल्या अपेक्षांना उत्तर देण्याची जबाबदारी क्रीडा विभागाची नसून संपूर्ण शासनव्यवस्थेची आहे.

या सर्व विवेचनावरून स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी काही व्यवहार्य उपाय सुचतात. वस्तीतील मैदाने निःशुल्क ठेवावीत आणि संध्याकाळचे ठरावीक तास मुलींच्या व मिश्र संघांसाठी राखून ठेवावेत. शासकीय साहाय्य घेणाऱ्या सामुदायिक स्पर्धांत मिश्र गट अनिवार्य करावा आणि त्यात मुलींच्या प्रत्यक्ष कृतीचा वाटा नियमाने ठरवावा. पूर्वी खेळलेल्या स्थानिक मुलींनाच मानधनावर प्रशिक्षक नेमावे. त्यामुळे लहान मुलींपुढे आदर्श उभा राहतो, पालकांचा विश्वास वाढतो आणि रोजगारही निर्माण होतो. मैदान, स्वच्छतागृह आणि दिवे यांचा खर्च एकाच अंदाजपत्रकी शीर्षाखाली दाखवावा. जन्मनोंदणीची शिबिरे मैदानावरच भरवावीत. यांपैकी एकाही उपायाला मोठ्या क्रीडासंकुलाइतका निधी लागत नाही.

१९७४ मध्ये ‘लिटल लीग’ने मुलींना आत येण्याची परवानगी दिली, चेन्नईत भरलेल्या स्पर्धेच्या नियमाने त्यांच्याशिवाय खेळ सुरूच होणार नाही अशी तरतूद केली. परवानगी आणि अपरिहार्यता यांतील हा फरक क्रीडाधोरणाप्रमाणेच शिक्षण, स्थानिक प्रशासन आणि रोजगार या क्षेत्रांनाही लागू पडतो. ‘खेलो भारत नीती’च्या अंमलबजावणीचे नियम आणि निकष राज्ये व स्थानिक संस्था ठरवीत असताना हा फरक त्यांच्या विचारात आला, तर धोरणातील ‘लोकचळवळ’ या शब्दात मुलींचा निम्मा वाटा खऱ्या अर्थाने समाविष्ट होईल.